करंट नदीवर पहिला कॅम्प: तंबू, फ्लोट, ट्रेल आणि ट्राउट, नवख्यांसाठी क्रमाने

मिसुरीत नवीन आलं की पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसात कोणीतरी विचारतं, शनिवारी आम्ही फ्लोटिंगला चाललोय, येताय का? आपण उत्साहात हो म्हणतो आणि घरी येऊन शोधतो की फ्लोटिंग म्हणजे नेमकं काय. तर इकडे कनू, कयाक, राफ्ट किंवा नुसत्या हवेच्या ट्यूबवर बसून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाण्याला फ्लोटिंग म्हणतात. वल्हं मारायचं ते मुख्यतः दिशा धरायला, बाकीचं काम नदीच करते.

आमची पहिली ट्रिप पूर्ण फसली होती. सकाळी ट्राउट मासे पकडू, दुपारी कनू, संध्याकाळी ट्रेल आणि मग निवांत शेकोटी असा एका दिवसाचा प्लॅन केला होता, कारण नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं ना! प्रत्यक्षात कनू संपली तेव्हा उन्हं उतरलेली होती, तंबू गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात लावला, भात अर्धा कच्चा खाल्ला आणि ट्राउटचं तर दर्शनही झालं नाही. त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आलो, थोडं शहाणपण आलं, तेच इथे लिहितोय. आधीच सांगून ठेवतो की एका दिवसात एकच मोठी गोष्ट. फ्लोटचा दिवस वेगळा, ट्राउटचा वेगळा. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री मिळत असतील तरच निघा, एका रात्रीसाठी इतकं सामान हलवायची गरज नाही.

१. आधी नदी समजून घ्या

करंट नदी दक्षिण मिसुरीत ओझार्क टेकड्यांमधून वाहते. ती आणि तिला मिळणारी जॅक्स फोर्क, या दोन्ही मिळून सुमारे १३४ मैलांचा पट्टा ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेज म्हणून राखलेला आहे, कायदा १९६४ चा. नदीचा उगम माँटॉक स्टेट पार्कमध्ये, तिथून ती राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरते.

हा सगळा चुनखडीचा प्रदेश आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आतल्या भेगांमधून आणि गुहांमधून फिरतं आणि मोठाल्या झऱ्यांमधून बाहेर येतं. व्हॅन ब्यूरन गावाजवळच्या बिग स्प्रिंगमधून सरासरी रोज २८ कोटी गॅलनच्या वर पाणी बाहेर पडतं, काठावर उभं राहिलं की जमिनीखालून नदीच उसळतेय असं वाटतं. हे पाणी बारा महिने साधारण ५८ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये १४ च्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचं निम्मं लेखन त्याच्यावरच चालणार आहे. ट्राउट इथे जगतो तो या गारव्यामुळे, ऑगस्टमध्ये सकाळी नदीवर धुकं दिसतं ते यामुळे, आणि बाहेर ९५ डिग्री असताना कनू उलटली तर दात वाजतात तेही यामुळेच.

एक सूचना इथेच. झऱ्याचं पाणी काचेसारखं निळं दिसतं म्हणून ओंजळीने पिऊ नका. चुनखडीतून येणारं पाणी मातीतून गाळून येत नाही, वरच्या शेतातलं, गोठ्यातलं जे काही असेल ते सरळ आत शिरू शकतं. प्यायचं पाणी कॅम्पग्राउंडच्या नळाचं किंवा घरून नेलेलं.

२. कधी जायचं

माझं मत विचाराल तर मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. जुलैमधल्या शनिवारी नदीवरच्या एकर्स या ठिकाणाच्या आसपास कनूंचा ट्रॅफिक जॅम असतो, मोठ्याने गाणी, बिअर, आरडाओरडा, मुलंबाळं किंवा आईबाबा बरोबर असतील तर अवघडायला होतं. तीच जागा मंगळवारी इतकी शांत असते की बगळ्याच्या पंखांचा आवाज येतो. सुट्टी टाकता येत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्याच.

एप्रिल-मेमध्ये झाडं छान असतात पण पाऊस आणि वादळं जास्त. ऑक्टोबरमध्ये रंग सुंदर, रात्री मात्र कडक थंडी. नोव्हेंबरच्या मध्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन असतो, तेव्हा ट्रेलवर जायचं असेल तर अंगावर भडक केशरी जॅकेट हवंच, फोटोत कसं दिसेल याचा विचार करू नका.

३. जागा ठरवणं आणि बुकिंग

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण दोन वेगळ्या सरकारांच्या जागा एकमेकींना लागून आहेत. माँटॉक हे राज्याचं उद्यान, त्याचं बुकिंग मिसुरी स्टेट पार्क्सच्या साइटवर. एकर्स, पुलटाइट, राउंड स्प्रिंग, अ‍ॅली स्प्रिंग, टू रिव्हर्स, बिग स्प्रिंग ही कॅम्पग्राउंड्स नॅशनल पार्क सर्व्हिसची, त्यांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर. दोन्हीकडे आत शिरायला पैसे नाहीत, कॅम्पसाइटचे मात्र लागतात.

कुठे राहायचं ते मुख्य काय करायचंय त्यावरून ठरवा. ट्राउट हेच मुख्य असेल तर माँटॉक, तंबूतून उठून पाच मिनिटांत पाण्यावर. फ्लोट मुख्य असेल तर पुलटाइट किंवा राउंड स्प्रिंग. सगळंच थोडं थोडं हवं असेल तर मी एकर्स-पुलटाइटचा भाग सुचवेन, तिथून माँटॉकला एका सकाळसाठी गाडीने जाऊन येता येतं.

मेमोरियल डे, चार जुलै आणि लेबर डे यांचे वीकेंड महिने आधीच भरलेले असतात. बुकिंग करताना नकाशावर साइट नदीच्या किती जवळ आहे हे सगळे बघतात, पण टॉयलेटपासून किती जवळ आहे हेही बघा. फार जवळ असेल तर रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो, फार लांब असेल तर रात्री दोनला टॉर्च घेऊन चालणं आलं. आमच्या एका मित्राने खास "नदीकाठची" म्हणून जी साइट घेतली तिथून नदी दिसत होती खरी, पण मध्ये पंधरा फुटांचा उभा कडा होता.

सेंट लुइसहून निघत असाल तर आय-४४ ने क्यूबापर्यंत आणि मग हायवे १९ ने सेलमवरून खाली, धरा अडीच ते तीन तास. पेट्रोल, बर्फ, राहिलेलं किराणा सेलमलाच घ्या. पुढे फोनची रेंज जवळपास संपते, म्हणून नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा आणि बुकिंगचे कागद छापून घ्या. फोनमधला पत्ता बघून मित्र मागून येतील असा भरवसा ठेवू नका, भेटायची जागा आणि वेळ घरूनच ठरवा.

४. कागदपत्रं आणि परवाने

कॅम्पिंगला फार काही लागत नाही, मासेमारीला लागतं. फाइलमध्ये हे घाला:

- फोटो असलेलं ओळखपत्र, पाहुण्या आईबाबांसाठी पासपोर्टची प्रत
- कॅम्पसाइट आणि कनूच्या बुकिंगची छापील प्रत
- मासेमारीचं परमिट, वय १६ आणि वर असलेल्या ज्याच्या ज्याच्या हातात रॉड असेल त्या प्रत्येकाचं वेगळं
- ट्राउट पार्कमध्ये (माँटॉक त्यातलंच एक) त्या दिवसाचा डेली ट्राउट टॅग, हा पार्कच्या दुकानात मिळतो
- गाडीचा विमा आणि हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड

आता सापळा कुठे आहे ते सांगतो. मिसुरीत ६५ वर्षांवरच्या लोकांना मासेमारीचं परमिट लागत नाही असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण फक्त मिसुरीच्या रहिवाशांसाठी. भारतातून आलेले तुमचे ६८ वर्षांचे बाबा रहिवासी नाहीत, त्यांना बाहेरच्यांचं परमिट काढावंच लागतं. एक-दोन दिवसांसाठी डेली फिशिंग परमिट मिळतं, तेवढं पुरतं. आणि "मी नुसता रॉड धरून उभा होतो" हे कारण परमिट तपासणारा सरकारी एजंट ऐकत नाही.

दुसरं, डेली टॅग लहान मुलांनाही लागतो. मुलगी आठ वर्षांची आहे, मासा सोडूनच देणार आहे, तरीसुद्धा सीझनमध्ये गळ पाण्यात टाकायचा तर टॅग हवा. ट्राउट पार्कच्या बाहेर, म्हणजे खालच्या करंट नदीवर हा टॅग चालत नाही, तिथे नेहमीचं परमिट आणि मासा ठेवायचा असेल तर शिवाय ट्राउट परमिट. परमिट ऑनलाइन काढता येतं, पण घरी वायफायवर असतानाच काढा आणि त्याची प्रत फोनमध्ये ठेवा.

५. सामान

नेहमीच्या कॅम्पिंगची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, मी फक्त या नदीसाठी जे वेगळं लागतं ते सांगतो. गाडीची किल्ली ठेवायला तरंगणारं वॉटरप्रूफ पाऊच. दोन ड्राय बॅग, एकीत जेवण आणि एकीत सगळ्यांचे कोरडे कपडे. पट्ट्याचे किंवा बंद बूट जे ओले झाले तरी चालतील, कारण तळाशी गोटे आहेत आणि चपला पहिल्याच डोहात वाहून जातात (माझी एक डावी चप्पल आता बहुधा आर्कान्सामध्ये असेल). झाकण घट्ट बसणारा कूलर. कचऱ्यासाठी जाळीची पिशवी. गोचिडांसाठी स्प्रे आणि बारीक टोकाचा चिमटा.

काय न्यायचं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. नदीवर काचेची बाटली चालत नाही, लोणच्याची बरणीसुद्धा नाही, घरीच प्लॅस्टिकच्या डब्यात काढून घ्या. थर्माकोलचा कूलरही बंद. आणि सरपण घरून नेऊ नका, लाकडातून झाडं मारणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, तिथल्या तिथेच विकत घ्या.

६. तंबू कुठे लावायचा

हा भाग घाईत वाचू नका.

करंट नदीचे काठ म्हणजे पांढऱ्या गोट्यांचे मोठमोठे पट्टे, त्यांना ग्रॅव्हल बार म्हणतात. कनूने जाणारे लोक तिथे तंबू लावून राहतात आणि ते परवानगीत बसतं, फक्त ठरलेल्या कॅम्पग्राउंडपासून निदान अर्धा मैल लांब राहायचं. दिसायला इतकी सुंदर जागा नाही. पण हे पट्टे नदीनेच बनवलेत, म्हणजे नदी तिथपर्यंत येते हे उघड आहे ना.

या खोऱ्यात उतार तीव्र आहेत आणि खडकाळ जमीन पाऊस फार धरून ठेवत नाही, त्यामुळे तुमच्या डोक्यावर चांदणं असताना वीस मैल वरच्या अंगाला वादळ झालं तरी रात्रीत पाणी चढतं. २०१७ च्या एप्रिलअखेर व्हॅन ब्यूरनला नदीने ३७.२ फुटांची पातळी गाठली, आधीचा विक्रम १९०४ चा होता आणि तो २९ फुटांचा. म्हणजे शंभर वर्षांचा विक्रम आठ फुटांनी मोडला. घरं, पूल, कॅम्पग्राउंड, सगळ्यात पाणी शिरलं. एवढं मोठं क्वचित होतं, पण दोन-तीन फुटांची वाढ काही दुर्मीळ नाही आणि तंबू बुडायला तेवढी बास आहे.

मी काय करतो ते सांगतो. निघायच्या आदल्या रात्री अमेरिकन जिऑलॉजिकल सर्व्हेच्या साइटवर एकर्स आणि व्हॅन ब्यूरनच्या पाण्याची पातळी बघतो, आलेख सपाट आहे की चढतोय एवढंच. हवामानात फक्त कॅम्पची जागा नाही, सेलम आणि लिकिंगचा भागही बघतो कारण पाणी तिथून येतं. ग्रॅव्हल बारवर तंबू सगळ्यात उंच टोकाला, झाडांच्या बाजूला, आणि तिथून पायी वर टेकडीवर जायला वाट आहे का ते उजेडात बघून ठेवतो. बेटावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या पट्ट्यावर कधीच नाही. कनू ओढून वर घ्यायची आणि झाडाला बांधायची, रात्रीत नदी दोन इंच चढली तरी कनू एकटीच फ्लोटिंगला जाते. मग पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची. रात्री जाग आली की टॉर्च मारून काठी बघायची. बायको याला माझं वेड म्हणते, पण एकदा काठी पाण्यात गेलेली दिसली आणि आम्ही पहाटे तीनला सामान वर हलवलं, त्यानंतर ती स्वतःच काठी रोवायला लागली.

गोट्यांत तंबूच्या खुंट्या धड बसत नाहीत. दोरीच्या टोकाला मोठा दगड बांधा किंवा लांब खुंट्या आणा.

जेवणाचं सामान रात्री गाडीत बंद. या भागात काळी अस्वलं आहेत, पण खरा चोर रॅकून. कूलरची खिटी त्याला उघडता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो पराठे आधी खातो.

७. फ्लोटचा दिवस

बोट विकत घ्यायची गरज नाही. उद्यानाने परवाना दिलेले बरेच आउटफिटर आहेत, ते बोट, वल्ही, लाइफ जॅकेट देतात आणि मुख्य म्हणजे शटल देतात. बुक करताना एकच प्रश्न नीट विचारा, माझी गाडी शेवटी कुठे असेल? सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे गाडी तुम्ही उतरणार त्या जागी लावायची आणि त्यांच्या बसने वर जाऊन तिथून फ्लोट करत गाडीपाशी यायचं. मग उशीर झाला तरी शेवटची बस चुकायची भीती नाही. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं होतं आणि ओल्या कपड्यांत तासभर बसची वाट बघितली.

अंतरं साधारण अशी आहेत: सीडरग्रोव्ह ते एकर्स ८ मैल, एकर्स ते पुलटाइट १० मैल, पुलटाइट ते राउंड स्प्रिंग ९-१० मैल. वेग धरा तासाला दोन मैल, त्यात जेवण, पोहणं, फोटो, मुलांचं शू. म्हणजे दहा मैल हा पूर्ण दिवस आहे, सकाळी नऊला पाण्यात उतरलात तर चार-पाचला बाहेर. आउटफिटर "चार तासांत होतं" म्हणतात, ते न थांबता वल्हवणाऱ्यांसाठी.

नवख्यांनी एकर्स ते पुलटाइट घ्यावा असं मला वाटतं. वाटेत केव्ह स्प्रिंग लागतो, तिथे गुहेच्या तोंडातून कनू आत नेता येते आणि खाली बघितलं की निळंशार खोल पाणी, वल्हं पूर्ण उभं घातलं तरी तळ लागत नाही. सीडरग्रोव्ह ते एकर्सही सुंदर आहे, त्यावर वेल्च स्प्रिंगपाशी एका जुन्या दवाखान्याच्या दगडी भिंती उभ्या आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका डॉक्टरने गुहेतली थंड हवा श्वासाच्या रोग्यांना बरी म्हणून तो बांधला होता. पण वेल्चच्या वरच्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उथळ होतं आणि कनू ओढत न्यावी लागते. वेल्च मिळाल्यावर नदी जवळपास दुप्पट होते.

ट्यूब स्वस्त पडते म्हणून आठ मैलांसाठी ट्यूब घेऊ नका. ट्यूब कनूपेक्षा खूप सावकाश जाते आणि तुमचं अर्धं अंग दिवसभर त्या थंडगार पाण्यात. एखाद-दोन मैलांची मजा म्हणून ठीक. आईबाबा किंवा लहान मुलं असतील तर राफ्ट, ती उलटत नाही म्हटलं तरी चालेल.

पाण्यात उतरल्यावर खरा धोका खळाळाचा नाही, पडलेल्या झाडांचा आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो आणि तिथेच काठाची झाडं उन्मळून पाण्यात आडवी पडलेली असतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो. म्हणून वळण दिसलं की लांबूनच आतल्या बाजूला सरकायला लागा, झाड समोर आल्यावर वल्हवून उपयोग नाही. कनू झाडावर आडवी आदळलीच तर घाबरून मागे झुकू नका, सगळे तसंच करतात आणि वरच्या बाजूने पाणी भरून कनू उलटते, उलट झाडाकडे झुका. उलटलात तर कनूच्या वरच्या अंगाला राहा, कनू आणि झाड यांच्यामध्ये कधीच नाही, पाठीवर तरंगा, पाय पुढे करून. जोराच्या प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो.

लाइफ जॅकेट बोटीत प्रत्येकाचं हवंच, सात वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच असायला हवं असा मिसुरीचा नियम आहे. मी म्हणतो मोठ्यांनीही घाला. आपल्यातले किती जण खरंच पोहतात? स्विमिंग पूलमध्ये दोन फेऱ्या मारणं आणि १४ डिग्रीच्या वाहत्या पाण्यात अचानक पडणं यात फार फरक आहे, पहिल्या अर्ध्या मिनिटात धाप लागते आणि हातपाय ऐकत नाहीत.

८. ट्राउटची सकाळ

रेनबो ट्राउट इथला मूळचा नाही. १८८० च्या दशकात तो पश्चिमेकडून रेल्वेने आणून मिसुरीच्या नद्यांत सोडला, आणि या थंड झऱ्यांमुळे तो टिकला. आजही त्यातले बरेचसे मासे हॅचरीतून, म्हणजे मासे वाढवायच्या केंद्रातून येतात. माँटॉकसारखे मिसुरीत चार ट्राउट पार्क आहेत, बाकीचे बेनेट स्प्रिंग, रोअरिंग रिव्हर आणि मारामेक स्प्रिंग. सीझन १ मार्च ते ३१ ऑक्टोबर.

सकाळचा क्रम असा. उजाडायच्या आत दुकानात जाऊन टॅग घ्या आणि तो शर्टावर किंवा टोपीवर दिसेल असा लावा. मग नदीकाठी जागा धरा. दोन्ही काठांवर माणसं हात बांधून उभी असतात, कोणी गळ टाकत नाही, सगळे भोंग्याची वाट बघतात. भोंगा वाजला की एकदम शेकडो दोऱ्या पाण्यात. पहिल्यांदा बघताना मला हसूच आलं होतं. भोंग्याची वेळ महिन्यागणिक बदलते, आदल्या दिवशी विचारून ठेवा. त्याच्या आधी गळ टाकला तर दंड.

माँटॉकमध्ये नदीचे वेगवेगळे झोन आहेत, काठावर पाट्या असतात. एका झोनमध्ये फक्त फ्लाय, म्हणजे किड्यासारखं दिसणारं नकली आमिष, एका झोनमध्ये पकडून सोडून द्यायचं, एका झोनमध्ये कुठलंही आमिष चालतं. नवख्याने आमिषवाल्या झोनमध्ये उभं राहावं, फ्लाय फिशिंग हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात पहिला दिवस झाडाच्या फांदीतून गळ सोडवण्यात जातो. हलका स्पिनिंग रॉड, २ किंवा ४ पाउंडांची बारीक दोरी, लहान गळ. दोरी बारीक का? कारण पाणी काचेसारखं आहे, जाड दोरी माशाला दिसते. नवखे लोक तळ्यातल्या कॅटफिशची ८-१० पाउंडांची दोरी घेऊन येतात आणि शेजारच्या माणसाला पाच मासे मिळतात आणि आपल्याला एकही नाही म्हणून दुकानात आमिष बदलायला जातात. आमिष नाही, दोरी बदला.

प्रवाहाच्या थोडं वर टाका, आमिष तळाजवळून वाहत येऊ द्या, दोरी जरा थबकली की हलकाच झटका. उन्हं वर आली की मासे सुस्तावतात, पहिले दोन तास महत्त्वाचे.

दिवसाला मर्यादा चार ट्राउट. प्रत्येकाने आपले मासे वेगळे ठेवायचे, नवऱ्याचे आणि बायकोचे एकाच दोरीत अडकवले तर कोणाचे किती हे एजंटला कळत नाही आणि वाद होतो. मासा तिथेच काठावर कापू नका, पार्कमध्ये साफ करायच्या जागा केलेल्या आहेत. सोडायचा असेल तर आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मासा नंतर मरतो.

पाण्यात उतरून मासेमारी करणार असाल तर बुटांचे तळवे बघा. फेल्टचे, म्हणजे लोकरीसारखे तळवे असलेले वेडर (पाण्यात उभं राहायला घालायची बुटांची वॉटरप्रूफ पँट) मिसुरीच्या ट्राउट पार्कमध्ये २०१२ पासून बंद आहेत, त्या तळव्यात अडकून डिडिमो नावाचं शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. इंटरनेटवर सगळ्यात स्वस्त मिळतात ते नेमके फेल्टवालेच असतात, लक्ष ठेवा.

माँटॉकची हद्द संपल्यापासून सीडरग्रोव्हपर्यंतची नदी दिसायला मोकळी आणि निवांत, पण तिथे नियम फार कडक: फक्त कृत्रिम आमिष, मासा निदान १८ इंचांचा आणि तोही एकच. पार्कमधल्या सवयीने तिथे आमिषाची पेस्ट लावून उभे राहू नका.

गळाला कधी कधी चपटा, सुरकुतलेला, चार पायांचा प्राणी लागतो. तो हेलबेंडर, मोठा सॅलमॅन्डर, ओझार्कमधली ही जात २०११ पासून संकटग्रस्त यादीत आहे. विषारी नाही. दोरी तोंडाजवळ कापायची आणि त्याला पाण्यात सोडायचं, गळ ओढून काढत बसायचं नाही.

९. ट्रेल

उरलेल्या अर्ध्या दिवसात एक ट्रेल पुरे. डेव्हिल्स वेलपासून केव्ह स्प्रिंगपर्यंतची फेरी साडेचार-पाच मैलांची आहे. डेव्हिल्स वेल म्हणजे जमीन खचून उघडं पडलेलं भूमिगत तळं, जिन्याने खाली उतरून बघता येतं, आणि त्याचं पाणी आतल्या आत केव्ह स्प्रिंगला जातं. काल जिथे कनूने गेलात तिथे आज वरून चालत येता. आईबाबांसाठी अ‍ॅली स्प्रिंग, १८९४ ची लाल लाकडी गिरणी, निळा झरा, सपाट वाट.

गुहा दिसली म्हणून आत शिरू नका, वटवाघळांच्या रोगामुळे बऱ्याच गुहा बंद आहेत. तीन पानांची वेल किंवा झुडूप दिसलं की हात लावायचा नाही, ती पॉयझन आयव्ही, दोन दिवसांनी अंगभर फोड येतात. साप असतात, कॉपरहेड जास्त, लाकडाच्या ओंडक्यावरून पाऊल टाकण्याआधी पलीकडे बघा.

१०. निघताना आणि घरी आल्यावर

शेकोटीवर पाणी ओता, राखेत हात घालता येईल इतकी गार झाली पाहिजे. ओले बूट आणि वेडर घरी पूर्ण वाळू द्या, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर आधी गरम साबणाच्या पाण्यात धुवा.

आणि गोचीड. मे ते ऑगस्ट त्या शंभर टक्के असतात, अंगावर दोन-चार निघतातच, लाज वाटून घेऊ नका. काख, जांघ, गुडघ्यामागे, कानामागे, मुलांच्या केसांत, सगळं नीट बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं असले प्रकार नकोत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरला गोचिडीचं पहिल्या वाक्यात सांगायचं. इथली लोन स्टार गोचीड चावली की काही लोकांना मटणाची, बीफची अ‍ॅलर्जी सुरू होते, जेवल्यावर लगेच नाही, तीन-चार तासांनी, मध्यरात्री अंगावर गांधी उठतात आणि कशामुळे ते कळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाला दीड महिना कळलं नव्हतं, तो बिचारा साबण बदलत बसला होता.

कॅम्पचे कपडे बेडवर टाकू नका. पिशवीतून काढून थेट ड्रायरमध्ये, फुल हीटवर, आणि मगच धुवायला.